वन्सं, तुमचा भाऊ बोलायला लागलेला नाही

तीर्थरूप वन्सं यांस,

धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार. (गुडघा धरला आहे, तेव्हा जेवढं वाकता येतं तेवढीच वाकले आहे, उरलेलं तुम्ही समजून घ्या.) तुमची साखर कशी आहे, पायाची सूज उतरली का, सूनबाई गोळ्या वेळेवर देते का, की तुम्हीच तिला तिच्या गोळ्यांची आठवण करून देता, ते सगळं सविस्तर कळवा. इकडे आम्ही ठीक. म्हणजे मी ठीक. तुमच्या भावाचं काय ते सांगायलाच कागद घेतला आहे. फोनवर लिहिता आलं असतं, पण तुमचा फोन आधी सूनबाई वाचते, मग मुलगा वाचतो, आणि तुमच्या हातात येईपर्यंत त्याच्यावर दोघांचं भांडण होऊन गेलेलं असतं. म्हणून कागद. दार लावून वाचा. चष्मा सापडत नसेल तर उद्या वाचा, पण कुणाकडून वाचून घेऊ नका.

तर पहिली गोष्ट. परवा तुमचा निरोप आला, की माझा भाऊ आता एवढं सुरेख बोलायला लागलाय तर मी महिनाभर राहायलाच येते, मला त्याच्यासमोर बसून ऐकायचंय. वन्सं, तुम्ही या. घर तुमचंच आहे. येऊ नका असं मी कशाला म्हणेन. (म्हणतेच आहे.) पण ज्याच्यासाठी येताय ते इथं नाही. तुमचा भाऊ बोलायला लागलेला नाही. काल सकाळपासून आत्तापर्यंत तो एकदा 'बरं' म्हणालाय आणि एकदा शिंकलाय. नोकरीच्या त्या साइटवर ह्यांच्या नावाखाली तुम्ही जे रोज वाचता, वाचून रडता आणि वर लाल बदाम चिकटवता, ते सगळं मी बोललेलं आहे. मी. तुमची भावजय. घ्या, सांगून टाकलं. आता घोटभर पाणी प्या आणि पुढं वाचा.

ह्यांची कंपनी बंद पडली हे तुम्हाला ठाऊक आहेच. कंपनी म्हणजे काय होती, एक म्हातारे मालक, एक गाळा, आणि दातांच्या डॉक्टरांच्या खुर्च्या. दात काढताना माणसाला आडवं करतात ना, ती खुर्ची. ती वर जात नाही, खाली येत नाही, तिचा दिवा मान टाकतो, बाजूच्या वाटीतलं चूळ भरलेलं पाणी तुंबतं, की ह्यांना बोलावणं यायचं. ह्यांचं उभं आयुष्य त्या खुर्च्यांच्या पोटात गेलं. मी नेहमी म्हणायचे, देवानं ह्यांना काम दिलं तेही बघून दिलं. जिथं डॉक्टर बोलतो, मशीन बोलतं, आणि बाकीचे सगळे आ वासून गप्प पडलेले असतात, तिथं हे शोभून दिसायचे. मालक थकले, मुलांनी गाळ्याला कुलूप लावलं आणि तुमचा भाऊ घरी आला.

घरी बसलेला पुरुष म्हणजे काय असतं हे मी तुम्हाला काय सांगू, तुमच्याकडेही एक बसलेला आहे. पण आमचे भाऊजी निदान टीव्हीतल्या लोकांना शिव्या तरी घालतात, घरात जाग राहते. ह्यांचं तसं नाही. आधी ह्यांनी घरातल्या सगळ्या दारांच्या बिजागऱ्यांना तेल घातलं. मग खिडक्यांच्या. मग माझ्या कात्रीला. मग कुकरचं झाकण घट्ट बसतं म्हणून ते असं काही सैल केलं की आता कुकर शिट्टी मारत नाही, नुसता उसासे टाकतो. चमचे लांबीप्रमाणे लावले. मी एका जागी जरा वेळ उभी राहिले तर मलाही तेल घालतील की काय अशी धास्ती बसली. हसू नका, पुढचं ऐका. घरातलं सगळं दुरुस्त करून संपलं आणि हे खिडकीत बसायला लागले, हातात पाना धरून. नुसता धरून. समोर घट्ट करायला काही नाही, सैल करायला काही नाही, आणि मुठीत पाना. मी तीनदा काढून डब्यात ठेवला, तीनदा परत हातात. मला ते बघवेना. नोकरी पगारासाठी हवी होती हे तर आहेच, पण त्याहून जास्त त्या पान्यासाठी हवी होती. एवढं लक्षात ठेवा, म्हणजे पुढं मी जे उपद्व्याप केले त्यावर मला शिव्या घालताना तुमचा हात थोडा आखडेल.

जिथं जिथं अर्ज टाकला तिथं एकच उत्तर, नाव ऑनलाइन बघतो आणि कळवतो. आणि कळवत कुणी नाही. पोरगी तिकडून फोनवर म्हणाली, आई, हल्ली माणसाला बोलावण्याआधी त्याचं नाव नेटवर टाकून बघतात. (मुलगी बघायला जाण्याआधी शेजाऱ्यांकडे चौकशी करायचे तसंच, फक्त इथं शेजारी अख्खं जग.) मी म्हटलं, मग टाक, बघू तुझ्या बापाचं काय निघतं. तिनं टाकलं. एवढ्या मोठ्या जाळ्यात तुमच्या भावाची एकच खूण सापडली. कधीतरी टाकलेला एका रबरी वॉशरचा फोटो, आणि खाली 'हा कुणाकडे मिळेल का?' कुणाचंही उत्तर नव्हतं. पोरगी म्हणाली, बाबा नेटवर दिसत नाहीत म्हणजे लोकांच्या लेखी ते नाहीतच. मी म्हटलं, अगं ते घरातसुद्धा असून दिसत नाहीत. तर तिनं आम्हाला नियम घालून दिले. रोज थोडं लिहायचं, आपल्या कामाबद्दल लिहायचं, लोकांशी गोड बोलायचं, भांडायचं नाही, डोळे मिटलेला फोटो लावायचा नाही. खातंही तिनंच उघडून दिलं. फोटो कुठल्याशा लग्नातल्या घोळक्यातून कापून लावला. त्यात ह्यांच्या खांद्यावर चार बोटं दिसतात, ती माझी आहेत. तुम्ही सगळ्यांसमोर विचारलं होतंत ना, हा हात कुणाचा म्हणून. माझा.

मग 'स्वतःबद्दल सांगा' अशी एक चौकट आली. हे फोन घेऊन बसले. मी कणीक मळली, पोळ्या लाटल्या, ओटा पुसला, तरी हे बसलेलेच. वाकून बघितलं तर लिहिलं होतं, 'दुरुस्ती करतो'. मी म्हटलं, अहो, आणखी काहीतरी लिहा की, लोकांना कळायला नको का माणूस कसा आहे. पुन्हा विचारात गढले. बऱ्याच वेळानं मी येऊन बघते तर पुढं एक पूर्णविराम दिलेला. तिथं माझं डोकं फिरलं. फोन ओढून घेतला. मला त्या बारक्या बटणांवर लिहिणं जमत नाही आणि माझी शाळा चौथीपर्यंतची (लग्न ठरताना सातवी सांगितली होती, ते आता सोडा), पण त्या फोनला कान आहेत. माईकचं चित्र दाबायचं आणि बोलायचं, तो सगळं लिहून घेतो. नवऱ्यापेक्षा बरा, ऐकता ऐकता उठून जात नाही. मी दाबलं आणि सुरू झाले.

तुम्ही म्हणाल, हिला खुर्च्यांतलं काय कळतं. वन्सं, इतकी वर्षं हे संध्याकाळी घरी आले की मी विचारायचे, आज काय झालं, आणि हे एक शब्द द्यायचे. 'पंप.' किंवा 'फूटस्विच.' एकदा नुसतंच 'उंदीर.' त्या एका शब्दावरून बाकीचं सगळं मी मनाशी रचायचे, नाहीतर जेवताना ऐकायचं तरी काय. ह्यांनी चिंधी द्यायची आणि मी तिचा परकर शिवायचा, असा आमचा संसार झाला. ते सगळं साठलेलं एकदम बाहेर पडलं. पहिल्या दिवशी ह्यांच्या नावानं सांगितलं, की डॉक्टरलोक रागानं खुर्चीच्या बटणावर लाथ हाणतात आणि मग फोन करून सांगतात खुर्ची आपोआप बिघडली. आपोआप दूधसुद्धा नासत नाही, कुणीतरी उघडं टाकलेलं असतं. दुसऱ्या दिवशी सांगितलं, की दुसऱ्याला आ करायला लावणाऱ्यांनी एकदा स्वतः वाकून खुर्चीखाली बघावं, तिथं काय काय कुजतंय. मग उंदरावर बोलले. दातांच्या दवाखान्यातला उंदीर, वायरी खाऊन खाऊन कसा गुबगुबीत झाला होता, आणि डॉक्टर ह्यांच्यावर ओरडत होता. उंदराला कुणी काही बोललं नाही, कारण उंदराचं बिल यायचं नव्हतं. त्या उंदराच्या गोष्टीला नंतर तुम्ही डोळे पुसणारे चेहरे लावले होतेत, मला आठवतंय.

लोक गूळ सांडल्यावर मुंग्या याव्यात तसे जमले. दुरुस्तीवाले आले, नर्सा आल्या, हाती झाडू असलेले आले, खुद्द डॉक्टरही आले. एक होता, त्याच्या फोटोत झाडून सगळे दात दिसायचे, मी त्याला बत्तिशी म्हणते. तो खाली लिहून गेला की दुरुस्ती करणाऱ्यानं आपली पायरी ओळखून राहावं. मी म्हटलं, म्हणजे ह्यांनी म्हटलं, तुमच्या फोटोत आहेत तेवढे दात आधी पेशंटच्या तोंडात शिल्लक ठेवा, मग पायरी दाखवा. त्यावर जो काही बदामांचा पाऊस पडला! पोरीचा लगेच फोन, आई, भांडायचं नाही असं ठरलं होतं ना? मी म्हटलं, मी कुठं भांडले, तुझा बाप भांडला. मी रोज ह्यांना सगळं वाचून दाखवायचे. हे ऐकायचे आणि म्हणायचे, बरं. उंदराच्या वेळी मिशीखाली हसल्यासारखे वाटले, पण ती मिशी अशी आहे की तिच्याखाली काय चालतं याची खात्री मला लग्नापासून नाही.

इथवर सगळं सुरळीत होतं. मग तुम्ही आलात.

तुम्हाला साइट कुणी दाखवली ते मी विचारत नाही. पण तिथं भर चौकात तुम्ही काय लिहिलंत ते मला तोंडपाठ आहे. 'माझा भाऊ लहानपणापासून असाच बोलका आणि तडफदार. लग्नानंतर गप्प झाला. का, ते घरातल्यांना ठाऊक.' आणि नंतर कुणाला शंका राहू नये म्हणून कंसात माझं नाव, आडनावासकट. वन्सं, बोलका? हा मनुष्य पाळण्यात रडलासुद्धा नव्हता असं सासूबाई सांगायच्या. शाळेत ह्यांना मुका समजून मास्तरांनी घरी निरोप पाठवला होता, ही गोष्ट मला तुम्हीच सांगितलीत, माझ्याच स्वयंपाकघरात बसून, माझाच चहा पिऊन. असो. मला राग आला का? नाही. (आला. अजून आहे.) पण करू काय? खातं ह्यांचं. मोठी बहीण चार लोकांत कौतुक करते म्हटल्यावर भावानं काहीतरी म्हणायला हवं. तेव्हा मीच ह्यांच्या नावानं लिहिलं, 'ताई, तुझे आशीर्वाद.' तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. तरी राहवेना म्हणून खाली आणखी एक ओळ घातली, 'माझी बायको स्वभावानं फार चांगली आहे.' त्यावर तुम्ही क्षणात काय लिहिलंत? 'बघा, अजून घाबरतो.'

त्यालाही बदाम. बत्तिशीनं तर लिहिलं, 'सर, धीर धरा.' काल माझ्याशी भांडणारा मेला आज मलाच माझ्यापासून धीर देत होता.

बरं, ते जाऊ द्या, कारण याच गडबडीत खरी गोष्ट घडली. दातांच्या खुर्च्या विकणाऱ्या एका मोठ्या कंपनीतल्या मोठ्या बाईंचा निरोप आला. तुमचं लिहिणं वाचते, आम्हाला अशा माणसाची गरज आहे, फोनवर बोलू या. मी आनंदानं उडी मारली आणि ती उडी खाली टेकायच्या आत लक्षात आलं, की तिथंच घोडं पेंड खाणार. बोलू या! कोण बोलणार? मी ह्यांना समोर बसवून तालीम घेतली. मी बाई झाले, विचारलं, नमस्कार, कसे आहात? हे म्हणाले, 'बरं.' मी म्हटलं, पुढं? हे म्हणाले, 'बरं आहे.' एवढ्यावर कुठली कंपनी नोकरी देते? आणि तालीम चालू असतानाच फोन वाजला. बाईच होत्या. मी घाबरून उचलला आणि जीभ उचलून टाळ्याला लावली. म्हटलं, त्यांना आज बोलता यायचं नाही हो, त्यांचा दात काढलाय.

वन्सं, जगात सांगायला कारणं किती. ताप आहे, बाहेरगावी गेलेत, घसा बसलाय. पण दातांच्या खुर्च्या विकणाऱ्या बाईला दाताचं कारण सांगणारी मी एकटीच निघाले. पलीकडून बाई एकदम मायेनं म्हणाल्या, अगंबाई, कुठं काढला? आमच्याकडेच यायचं होतं, आमच्या इथं डॉक्टर असतात. उद्याच घेऊन या, जखम तपासून देतील, फुकट, आणि नोकरीचंही बोलून टाकू. मी फोन ठेवला. ह्यांना सांगितलं, असं असं झालंय, उद्या तुमचा न काढलेला दात दाखवायला जायचंय. हे म्हणाले, 'बरं.' दुसऱ्या कुणाच्या नवऱ्यानं घर डोक्यावर घेतलं असतं, हे एक ह्यांच्या बाजूनं लिहिते.

सकाळी मी ह्यांच्या गालात कापूस कोंबला. घरून निघताना डाव्या गालात होता, तिथं पोचलो तेव्हा उजव्या. कसा फिरला ते ह्यांना माहीत. ती जागा म्हणजे काय सांगू, मोठ्ठी काच, आत पांढरीशुभ्र फरशी, आणि ओळीनं नव्या कोऱ्या खुर्च्या, अंगावर प्लॅस्टिक घेऊन झोपलेल्या. हे आत शिरले आणि कितीतरी दिवसांनी मी ह्यांची मान ताठ झालेली बघितली. प्रत्येक खुर्चीच्या हातावर असा हात ठेवत गेले, जसं एखादा दूध काढायच्या आधी म्हशीच्या पाठीवर ठेवतो. मी मागून ढोसलं, म्हटलं, तोंड सुजलंय तुमचं, चेहरा पाडा. तर डॉक्टरीण आली. पोरसवदा, कपाळावर भिंगं लावलेली. एका खुर्चीत ह्यांना झोपवलं. आयुष्यभर तिच्याखाली आडवे झाले, वर आडवे व्हायची पहिलीच वेळ. डॉक्टरीण म्हणाली, आ करा. मी डोळे मिटून घेतले.

कापूस काढला, दिवा आत घातला, आरसा फिरवला. म्हणाली, इथं तर दात काढलेलाच नाही. मी उसनं आश्चर्य तोंडावर आणत होते तेवढ्यात ती पुढं म्हणाली, पण ही मागची दाढ आतून पार पोखरलीय, ही आधीच काढायला हवी होती, केव्हापासून दुखतेय? आणि तुमचा भाऊ, आ केलेल्या तोंडानं, छताकडे बघत म्हणाला, 'वर्ष झालं.'

वर्ष! वन्सं, मी उभ्याउभ्या पडायची राहिले. वर्षभर हा माणूस माझ्यासमोर बसून एका बाजूनं चावतोय, पोळीची कड बाजूला काढून ठेवतोय, आणि मी वर्षभर टोमणे मारतेय, की हल्ली माझ्या हातचं गोड लागत नाही वाटतं. एका शब्दानं म्हणाले नाहीत की दुखतंय. दातांच्या डॉक्टरांमध्ये आयुष्य काढलेला माणूस! मला जे सुटलं ते सुटलंच. मी तिथंच, त्या पांढऱ्या फरशीवर उभी राहून बोलले, की दुखतं म्हणायला काही लागत नाही, तोंड काय देवानं नुसतं मिशी अडकवायला दिलंय का, परक्याच्या खुर्चीचं वाजणं ऐकू येतं आणि स्वतःची दाढ ठणकते ती कळत नाही, आणि मी काय तुम्हाला शत्रू वाटले का, म्हणून लपवलंत. डॉक्टरीण सुई हातात धरून थांबली होती. हे आ करून माझ्याकडे बघत होते, मिटायची सोयच नव्हती. माझं संपलं तेव्हा मला कळलं की मी रडतेय, आणि दारात मोठ्या बाई उभ्या आहेत. केव्हापासून उभ्या होत्या देव जाणे.

दाढ काढली. तेव्हा मी सांगितलेलं खोटं खरं झालं, एक दिवस उशिरा. मग ह्यांच्या तोंडात खराखुरा कापूस, आणि त्या बाईंच्या खोलीत बोलणी. उत्तरं देणार कोण? मीच. बाईंनी ह्यांना विचारायचं आणि मी सांगायचं. विचारलं, चिडलेल्या डॉक्टरचा फोन आला तर काय कराल? मी म्हटलं, हे आधी विचारतील की लाथ कुणी मारली. बाईंनी ते कागदावर टिपून घेतलं. शेवटी त्या सरळ ह्यांच्याकडे वळून म्हणाल्या, तुम्हाला स्वतःला कुठलं काम आवडेल? मी तोंड उघडलं होतं, पण त्यांनी हातानं मला थांबवलं. ह्यांनी बोट करून बाहेर दाखवलं. खुर्चीकडे नाही, खुर्चीच्या खाली.

कळवतो म्हणाल्या. आता वाट बघतोय. पण मला पक्कं माहीत आहे की त्यांना हवा आहे तो बोलणारा माणूस, जो डॉक्टरांच्या सभेत उभा राहून खणखणीत बोलेल. नोकरी दिली तर ती त्या माणसाला देतील, आणि तो माणूस आमच्या घरात नाही. कापूस किती दिवस पुरणार? म्हणून वन्सं, हात जोडून सांगते, तूर्त येऊ नका, आणि त्या साइटवर आणखी काही लिहू नका. तुम्ही एक ओळ लिहिता आणि ती निस्तरायला मला ह्यांच्या नावानं दहा बोलावी लागतात. भाऊजींना नमस्कार सांगा, टीव्ही बंद असेल तेव्हा. सूनबाईला आशीर्वाद, तिनं हे वाचलं असेल तर तिला वेगळा.

तुमची आज्ञेत राहणारी (जमेल तेवढी)
भावजय

ता. क. पाकीट चिकटवायचं राहिलं ते बरंच झालं. आज बाईंचा फोन आला. नोकरी मिळाली! पण सभेतली नाही, मागच्या दुरुस्तीच्या खोलीतली. दार लावून घ्यायचं, खुर्च्या दुरुस्त करायच्या, कुणाशी बोलायचं नाही. मी म्हटलं, बाई, पण तुम्हाला तर बोलणारा हवा होता. त्या हसायला लागल्या. म्हणाल्या, त्यांनी मला पहिल्याच दिवशी कळवलं होतं. वन्सं, बाईंचा पहिला निरोप आला तेव्हा मी अंघोळीला गेले होते. ह्यांनी स्वतःच्या बोटांनी उत्तर लिहिलं, पाठवलं, आणि मला दिसू नये म्हणून पुसून टाकलं. बाईंनी मला वाचून दाखवलं. 'लिहिते ती बायको. मी दुरुस्ती करतो. चालेल का? तिला सांगू नका, तिला मजा येते आहे.' आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, ह्यांनी एका दमात एवढे शब्द कधी वापरलेले मला आठवत नाही. मी बाईंना म्हटलं, मग ते दाताचं नाटक कशाला होऊ दिलंत? तर म्हणतात, म्हटलं बघावं तरी ही बाई कुठवर जाते. मी तडक ह्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, मला का नाही सांगितलंत? हे म्हणाले, 'विचारलं नाहीस.' पाना घेऊन कामाला गेलेत.

ता. क. पुन्हा. ताकाला जाऊन भांडं लपवायची मला सवय नाही (वरच्या ता. क. पुरतं लपवलं ते वेगळं), तेव्हा आता स्पष्टच सांगते. बाईंना मीही हवी आहे. खुर्ची बिघडली की डॉक्टरलोक ओरडत फोन करतात, तो फोन उचलायला. म्हणाल्या, तुमच्यासारखी कुणी मिळालेली नाही, आधीच्या दोघी रडून सोडून गेल्या. मला ती नोकरी हवी आहे, वन्सं. ह्यांच्या नावानं बोलून झालं, आता स्वतःच्या नावानं बोलायचंय. पण बाईंच्या वरचं जे ऑफिस आहे, ते आधी माझं नाव नेटवर टाकून बघणार. पोरीनं टाकून बघितलं. माझ्या नावावर सगळ्या जगात एकच गोष्ट निघते, ती तुम्ही लिहिलेली. तेव्हा पत्र मिळाल्याबरोबर ते आधी पुसा, आणि त्या जागी मी खाली देते ते लिहा. तुम्हाला त्रास नको म्हणून मीच तयार करून ठेवलंय. जसंच्या तसं उतरवा, मनाची भर घालू नका, आणि मी सांगितलं असं कुठं म्हणू नका.

'आधी लिहिलं ते चुकून लिहिलं गेलं. आमची भावजय लाख माणूस आहे. तिचा स्वभाव शांत, आवाज मऊ. बोलते फार कमी, आणि दुसऱ्याच्या कामात तोंड घालणं तिला माहीतच नाही.'